काम सांगताना लेखी पत्र द्या : मराठी वृत्तमाध्यमांच्या संपादक-मालकांना एका मुक्त पत्रकाराचे खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि डिजिटल वृत्तमाध्यमे यांचे संपादक, मालक व व्यवस्थापकीय संचालक

विषय : मुक्त पत्रकार व तालुका वार्ताहर यांना प्रत्येक कामासाठी लेखी पत्र देण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

आपल्या अंकात, संकेतस्थळावर आणि वाहिनीवर रोज जे प्रसिद्ध होते, त्यातला बराच मजकूर आपल्या हजेरीपटावर नाव नसलेली माणसे पाठवत असतात. तालुक्याच्या ठिकाणाहून अपघाताची, बाजारभावाची आणि पाणीटंचाईची बातमी देणारा वार्ताहर, जिल्ह्यातून चित्रफीत पाठवणारा स्ट्रिंगर म्हणजे कामापुरते पैसे मिळणारा बातमीदार, रविवारच्या पुरवणीसाठी चार गावे फिरून लेख लिहिणारी लेखिका, निवडणुकीच्या काळात पोर्टलसाठी महिनाभर धावणारा छायाचित्रकार, हे सारे त्यात येतात. मीही त्यांच्यातलीच एक आहे. लातूरला राहून शेती, पाणी, सार्वजनिक आरोग्य आणि स्थलांतर या विषयांवर मी अनेक वर्षे मुक्त पत्रकार म्हणून लिहीत आले आहे. या पत्रातून मी आपल्याकडे एकच मागणी करीत आहे : बाहेरच्या पत्रकाराला काम सांगाल तेव्हा, त्याने कामाला हात घालण्यापूर्वी, त्याला एका पानाचे लेखी पत्र द्या. मानधन वाढले पाहिजे, प्रवासखर्च मिळाला पाहिजे, विमा असला पाहिजे, हे सगळे खरेच आहे. परंतु यातली प्रत्येक गोष्ट शेवटी त्या एका कागदापाशी येऊन अडते, आणि तो कागद देण्यासाठी आपल्याला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण मुक्त पत्रकारांच्या अडचणींविषयी बोलताना ती हमखास सुटून जाते. माझ्या ओळखीतले मुक्त पत्रकार या कामावर नाराज नाहीत. विषय स्वतः निवडता येणे, एकाच गावात पुन्हा पुन्हा जाऊन तिथे काय बदलले आणि काय बदलले नाही हे पाहता येणे, रोजच्या धावपळीत कोणाला सवड नसते असा प्रश्न वर्षभर धरून ठेवता येणे, हे सुख नोकरीत क्वचित मिळते. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनोन्महिने औषधे नाहीत हे छापून येते, पंधरा दिवसांत तिथे औषधांची गाडी पोहोचते आणि तिथली आशा कार्यकर्ती आपणहून फोन करून ते सांगते, तेव्हा जे समाधान वाटते त्यासाठीच आम्ही या कामात टिकून आहोत. आमच्यापैकी काहींनी चांगल्या नोकऱ्या सोडल्या आहेत आणि परत बोलावले तरी ते जाणार नाहीत. आमची तक्रार आहे ती काम ज्या रीतीने दिले जाते त्या रीतीविषयी. मानधनाची आठवण करून दिली की ‘तुम्ही तर आवडीने करता ना’ असे उत्तर मिळते, तेव्हा आमची आवडच आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते, आणि ते मनाला लागते.

एका लेखाला काय लागते याचा हिशेब आपल्यापुढे मांडते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. २०१९ मध्ये या कुटुंबांतील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आज त्या स्त्रियांचे काय चालले आहे हे पुन्हा जाऊन लिहायचे ठरवले, तर पत्रकाराला आधी गावात जाऊन कुटुंबांची ओळख करून घ्यावी लागते. मग हंगामात कारखान्याच्या परिसरातल्या कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, मुक्काम करावा लागतो, कारण कामगारांची टोळी आणणाऱ्या मुकादमासमोर बायका मोकळेपणाने बोलत नाहीत आणि भल्या पहाटे फडात जाण्याआधीचा थोडा वेळच त्यांच्या हाती असतो. आरोग्य विभागाकडून माहितीच्या अधिकारात आकडे मागवावे लागतात, ते तीस दिवसांत आले तर नशीब, नाहीतर अपील करावे लागते. डॉक्टरांची बाजू घेण्यासाठी त्यांच्या दवाखान्यात ताटकळत बसावे लागते. एसटीचे भाडे, मुक्काम, जेवण, फोन आणि कागदपत्रांच्या प्रती यांचा खर्च सहज काही हजारांत जातो. एवढे करून लिहिलेल्या दोन-अडीच हजार शब्दांच्या लेखाला मराठी पुरवणीत मिळणारे मानधन माझ्या अनुभवात काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत असते.

म्हणजे पत्रकाराने पदरचे पैसे घालून तो लेख करायचा, किंवा घरी बसून दोघातिघांना फोन लावायचे आणि लेख उभा करायचा. दुसरी रीत स्वस्त आहे, छापल्यावर दोन्ही लेख दिसायला सारखेच दिसतात, आणि संपादकही दोन्हींना एकच दर देतात. ही गोष्ट मला मानधनाच्या आकड्यापेक्षाही अधिक गंभीर वाटते, कारण प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची किंमत जिथे मोजलीच जात नाही, तिथे हळूहळू कोणी जाईनासे होते. याचा आणखी एक परिणाम आपल्या डोळ्यांसमोर घडतो आहे. तोच लेख इंग्रजी माध्यमासाठी लिहिला तर अधिक पैसे मिळतात, बहुधा प्रवासखर्चही मिळतो. त्यामुळे मराठवाड्यातला जाणता पत्रकार मराठवाड्यातल्या माणसांविषयी इंग्रजीत लिहू लागतो, आणि मराठी वाचकाला आपल्याच शेजारच्या जिल्ह्याची हकिकत उशिरा, कोणीतरी केलेल्या अनुवादातून मिळते.

रकमेइतकाच प्रश्न वेळेचा आहे. काम बहुतेक वेळा फोनवर ठरते. ‘चांगला विषय आहे, लिहा, बघू या’ एवढेच बोलणे होते, आणि पत्रकार कामाला लागतो. लेख पाठवल्यावर पुढच्या रविवारी लागेल असे कळते, मग जाहिरातींमुळे पाने कमी होतात, मग एखादी मोठी घटना घडते, आणि महिन्याभराने विषय शिळा झाला म्हणून लेख बाजूला पडतो. छापला नाही म्हणून पैसे नाहीत, आणि मधल्या काळात तो दुसरीकडे देताही आलेला नसतो. छापून आला तरी पुढचा प्रवास लांबच असतो. बिल पाठवा, पॅनची प्रत पुन्हा पाठवा, रद्द केलेला धनादेश पाठवा, व्हाउचर डेस्ककडून लेखा विभागाकडे गेले आहे, लेखा विभागाकडून मुख्य कार्यालयात गेले आहे, असे करता करता ज्या उपसंपादकाने काम सांगितले होते तोच नोकरी बदलून गेलेला असतो. माझ्या एका लेखाचे मानधन याच कारणाने कधीच मिळाले नाही. नव्या माणसाकडे त्या कामाची नोंदच नव्हती, आणि ते प्रकाशन काही वाईट हेतूने वागत होते असेही मी म्हणणार नाही. पैसे मागताना होणारा संकोच वेगळाच. पुढचे काम त्याच माणसाकडून मिळायचे असते, म्हणून तीनदा मागून चौथ्यांदा कोणी मागत नाही.

या उशिरावर कायद्यात उपाय आहे, हे आमच्यातल्याही अनेकांना माहीत नसते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. एकट्याने सेवा देणाऱ्या व्यावसायिकालाही अशा उद्योगांच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी करता येते. तरीही हा मार्ग पत्रकाराला प्रत्यक्षात बंदच राहतो, कारण काम कोणी सांगितले, कोणत्या दराने सांगितले आणि ते कधी पूर्ण झाले याचा कागद त्याच्या हाती नसतो.

तालुका वार्ताहरांची स्थिती याहून अवघड आहे, आणि तिच्याविषयी आपल्या वर्तुळात सर्वांत कमी बोलले जाते. वार्ताहराला ओळखपत्र मिळते, कधी महिन्याला अल्प मानधन मिळते, कधी तेही नसते. त्याचे खरे उत्पन्न जाहिरातींच्या कमिशनवर ठरते. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, १५ ऑगस्ट, आमदारांचा वाढदिवस, कारखान्याच्या अध्यक्षांची निवड, या प्रत्येक वेळी त्याला जाहिरातींचे उद्दिष्ट दिले जाते, आणि वसुली झाली नाही तर ती रक्कम त्याच्याकडून वळती करण्याचे प्रकारही घडतात. ज्या ठेकेदाराकडून, संस्थाचालकाकडून किंवा नगरसेवकाकडून त्याने परवा अर्ध्या पानाची जाहिरात आणली, त्याच्याच रस्त्याच्या कामाची, शाळेच्या शुल्काची किंवा निविदेची बातमी त्याने आज कशी द्यायची? २००९ च्या लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न देशभर गाजला. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० मध्ये भारतीय प्रेस परिषदेला त्यावर सविस्तर अहवाल दिला. त्या चर्चेत बदनाम झाला तो गावातला वार्ताहर. आपण वार्ताहराला बातमीसाठी नेमता की जाहिरातीसाठी, हे लेखी ठरवून टाकले आणि बातमीच्या कामाचे स्वतंत्र पैसे दिले, तर त्याला एखाद्या दिवशी ठेकेदाराला नाही म्हणता येईल. हे दोन्ही व्यवहार एकाच माणसावर लादणे थांबवावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते लगेच शक्य नसेल तर निदान त्या दोन कामांचे कागद तरी वेगळे करावेत.

कायद्याने या माणसांना अगदीच वाऱ्यावर सोडलेले नव्हते. श्रमिक पत्रकारांसाठीच्या १९५५ च्या अधिनियमात ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो एका किंवा अधिक वृत्तपत्र आस्थापनांत पूर्णवेळ अथवा अंशकालीन नेमला गेला आहे, त्याला श्रमिक पत्रकार म्हटले होते. म्हणजे एकाहून अधिक ठिकाणी, थोडा थोडा वेळ काम करणारा पत्रकार त्या कायद्याच्या नजरेसमोर सात दशकांपूर्वीही होता. वृत्तपत्रांतील पत्रकार व कर्मचाऱ्यांचे वेतन ठरवण्यासाठी नेमलेल्या न्या. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या, ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, आणि १९ जून २०१७ च्या निकालात कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्या लागू असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. आता १९५५ चा तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आहे, आणि चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. नव्या व्याख्येत दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमांतले पत्रकारही आले, हे चांगले झाले. पत्रकारांसाठी स्वतंत्र वेतन मंडळ नेमण्याची तरतूद मात्र गेली, आणि हे नुकसान लहान नाही. त्याच संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पण जुना कायदा घ्या किंवा नवी संहिता घ्या, दोन्हींच्या दारात ‘नेमणूक’ हा एकच प्रश्न उभा असतो, आणि ज्याच्याकडे साधे कामाचे पत्र नाही त्याने नेमणूक होती हे कशाच्या आधारे दाखवायचे?

हाच प्रश्न सुरक्षेच्या बाबतीत जिवावर बेततो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर येथे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. कोकणातील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या जमीनव्यवहारांशी संबंधित ज्या व्यक्तीविषयीचे त्यांचे वृत्त त्याच दिवशी सकाळी प्रसिद्ध झाले होते, तिच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. हल्ला हा त्याखाली दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करायचा नाही असे बंधन आहे. मात्र या कायद्याचे संरक्षण मिळते ते माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी तत्त्वावर नेमलेल्या पत्रकाराला. वाळूच्या घाटावर रात्री चित्रीकरण करताना मार खाल्लेला मुक्त पत्रकार पोलीस ठाण्यात जातो तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तुम्ही कोणत्या पेपरचे?’ त्याने कोणाचे नाव सांगावे? ज्यांच्यासाठी तो गेला होता त्यांनी ‘आम्ही त्याला पाठवले नव्हते, तो आपणहून बातम्या देतो’ असे सांगितल्याची उदाहरणे आमच्या परिचयाची आहेत. कामाचे पत्र त्याच्या मोबाइलमध्ये असते तर तो त्याच क्षणी ते दाखवू शकला असता, आणि गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवायचा हा वाद उद्भवलाच नसता.

बदनामीच्या नोटिशीचेही असेच आहे. प्रकाशनाकडे वकील असतो, पत्रकाराकडे नसतो. नोटीस दोघांनाही येते. प्रकाशन खुलासा छापून मोकळे होते आणि पत्रकार जिल्हा न्यायालयाच्या तारखांना एकटा जात राहतो. संपादकांनी तपासून, स्वीकारून छापलेल्या मजकुराची जबाबदारी संपादकांचीही आहे, आणि खटल्याचा खर्च प्रकाशन उचलेल ही हमी लेखी असली पाहिजे. या एका वाक्याच्या अभावी किती बातम्या लिहिल्याच गेल्या नसतील, याचा विचार संपादकांनी करावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

स्त्री पत्रकारांच्या संदर्भात दोन गोष्टी नोंदवते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीस असो वा नसो, तिला संरक्षण आहे. कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि त्यासाठी संस्थेने पुरवलेले वाहन यांनाही कामाचे ठिकाण मानले आहे. तरीही बाहेरून काम करणाऱ्या मुलींना अशा तक्रारी ऐकणाऱ्या आपल्या संस्थेच्या अंतर्गत समितीत कोण आहे हे कोणीच सांगत नाही. ती नावे कामाच्या पत्राच्या तळाशी छापावीत, त्यासाठी काहीच खर्च नाही. दुसरी गोष्ट बाळंतपणाची. नोकरीतल्या स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. मुक्त पत्रकार स्त्री वर्षभर लिहू शकली नाही, तर परत आल्यावर तिची जागा दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असते आणि ओळखी पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात. यावर मी आज आपल्याकडे पैसे मागत नाही. ठरलेले सदर किंवा ठरलेले काम वर्षभर राखून ठेवण्याचे आश्वासन तरी द्यावे.

लेखनाच्या हक्कांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण इथे दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे नोकरीत राहून लिहिलेल्या मजकुराचा वृत्तपत्रातील प्रकाशनापुरता हक्क मालकाकडे जातो, परंतु मुक्त पत्रकाराच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच हक्क दिले असे मानले जाते. आपल्याकडे मात्र लेख एकदा छापला की तो पोर्टलवर, दिवाळी अंकात, पुस्तकात, ध्वनिफितीत आणि समूहाच्या दुसऱ्या भाषेतील दैनिकात न विचारता वापरण्याची प्रथा पडली आहे. दुसरीकडे, जे थोडे करार होतात त्यांत ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमचे’ असे कलम घालून पंधराशे रुपयांत सगळे लिहून घेतले जाते. छायाचित्रकारांची तर आणखी अडचण आहे, कारण पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळे काही ठरले नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. तेव्हा छायाचित्रकाराला कागदाची गरज लेखकाहून जास्त आहे. पहिल्या प्रकाशनाचा हक्क आपला आणि पुढच्या प्रत्येक वापराला ठरलेला हिस्सा, एवढी साधी व्यवस्था दोघांनाही पुरेशी आहे. आपल्या जुन्या अंकांचा मजकूर संगणकीय प्रणालींना शिकवण्यासाठी विकण्याचे करार यापुढे होतील, तेव्हा बाहेरच्या पत्रकारांचे लेखन त्यात कोणत्या अधिकाराने गेले हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल.

सरकारी योजनांविषयी थोडक्यात. केंद्राच्या २०२२ च्या अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकारांना सरकारी मान्यता देण्याच्या, नियमांत नोकरीतल्या पत्रकाराला पाच वर्षांचा अनुभव पुरतो, तर मुक्त पत्रकाराला पंधरा वर्षांचा लागतो. राज्याच्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजनेची मासिक रक्कम ११ हजारांवरून २० हजार झाली ही समाधानाची गोष्ट आहे, परंतु तिच्यासाठी दीर्घकाळाच्या पत्रकारितेचे पुरावे लागतात आणि तीस वर्षे तालुक्यातून बातम्या पाठवलेल्या माणसाकडे पिवळ्या पडलेल्या कात्रणांखेरीज काही नसते, त्यांतल्याही निम्म्यांवर ‘वार्ताहर’ एवढेच छापलेले असते. प्रेस परिषदेवर तेरा श्रमिक पत्रकारांच्या जागा आहेत, सहा संपादकांच्या आणि सात इतरांच्या. मुक्त पत्रकारांसाठी एकही राखीव नाही. या गोष्टी सरकारकडे मागायच्या आहेत आणि आम्ही त्या मागत राहू.

आपल्या बाजूच्या अडचणी मला ठाऊक आहेत. कागदाचा भाव, डिजिटल जाहिरातींचे मोठ्या परदेशी कंपन्यांकडे वळलेले पैसे, कोरोनाकाळातल्या टाळेबंदीनंतर न सावरलेला खप, हे सगळे खरे आहे. २०२० मध्ये आवृत्त्या बंद झाल्या, पगार कापले गेले, आणि बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्ससह तीन संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्या काळात नोकरी गेलेले कितीतरी सहकारी आज मुक्त पत्रकार म्हणूनच काम करीत आहेत, म्हणजे हा प्रश्न आता मूठभर हौशी लेखकांचा राहिलेला नाही. पण लेखी पत्राला पैसे लागत नाहीत. आज जे मानधन देता तेच लिहून द्या, ते कमी असेल तर कमी लिहा. निदान ते काम घ्यायचे की नाही हे पत्रकाराला आधी ठरवता येईल.

खरी भीती वेगळीच असते, आणि काही व्यवस्थापकांनी ती मला खासगीत सांगितलीही आहे. लेखी काही दिले तर हा माणूस उद्या कामगार न्यायालयात जाऊन कायम नोकरी मागेल, असे त्यांना वाटते. ही भीती चुकीच्या ठिकाणी आहे. नोकरी आहे की नाही हे ठरवताना न्यायालये कागदाच्या मथळ्यापेक्षा प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे होते, काम संस्थेच्या कामकाजाचा भाग होते का, हे पाहत आली आहेत. एका लेखाचे, एका दराचे आणि एका मुदतीचे पत्र दिल्याने कोणी आपला नोकर होत नाही. ज्या वार्ताहराला रोज सकाळी बातम्यांची यादी मागितली जाते, दुसऱ्या कोणासाठी लिहायचे नाही अशी अट घातली जाते आणि रजेसाठी परवानगी घ्यावी लागते, त्याला कागद न देताही तो कर्मचारी ठरण्याची शक्यता राहतेच. अशा माणसाला मुक्त पत्रकार म्हणणेच मुळात चूक आहे. त्याला नियुक्तिपत्र द्यावे.

जगात हे कुठे झालेले नाही असेही नाही. न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून आणि संपूर्ण न्यूयॉर्क राज्यात २८ ऑगस्ट २०२४ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक मोबदल्याच्या मुक्त कामासाठी लेखी करार सक्तीचा आहे, आणि तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. जर्मनीत १९८३ पासून मुक्त कलाकार व पत्रकारांसाठी सामाजिक विम्याची स्वतंत्र व्यवस्था आहे, जिच्यात पत्रकार विम्याचा निम्मा हप्ता भरतो आणि उरलेला निम्मा त्यांचे काम विकत घेणाऱ्या प्रकाशनांच्या वर्गणीतून व सरकारी अनुदानातून येतो. ती व्यवस्था आपल्याकडे उद्याच येईल असा माझा भ्रम नाही. न्यूयॉर्कमधली पहिली अट मात्र आपण कायद्याशिवायही पाळू शकता.

त्या पत्रात काय असावे हेही सांगते. विषय आणि शब्दमर्यादा, मजकूर देण्याची तारीख, मानधनाची रक्कम आणि ते कोणत्या तारखेपर्यंत जमा होईल ते, मान्य केलेला प्रवासखर्च आणि त्यातला किती आगाऊ मिळेल ते, सांगून लिहून घेतलेला लेख छापला नाही तर निदान निम्मे मानधन मिळेल ही हमी, पहिल्या प्रकाशनानंतरच्या वापराचे दर, लेखकाचे नाव छापण्याची खात्री, नोटीस किंवा हल्ला झाल्यास प्रकाशन पाठीशी उभे राहील हे वाक्य, जोखमीच्या कामासाठी त्या दिवसांपुरता अपघात विमा, आणि काम सांगणाऱ्या संपादकाचे नाव व पद. हे छापील पत्र असण्याची गरज नाही. संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून आलेला एक मजकूर पुरेसा आहे, आणि एकदा नमुना तयार केला की उपसंपादकाला दर वेळी चार रकाने भरण्यापलीकडे काही करावे लागणार नाही.

येत्या १ एप्रिलपासून, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून, आपण हे सुरू करावे अशी विनंती आहे. सगळ्या आवृत्त्यांना एकदम जमत नसेल तर रविवारची पुरवणी आणि एक जिल्हा, एवढ्यापासून सुरुवात करा. त्या दिवसापासूनचे मानधनाचे दर आपल्या संकेतस्थळावर जाहीर करा, आणि मागील वर्षाची थकलेली बिले त्याआधी चुकती करा. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील पत्रकार संघटनांनाही या नमुन्यावर आपल्याबरोबर बसण्याचे आवाहन मी याच पत्रातून करते. आपण यातले काय मान्य करता आणि काय नाही, हे आपल्याच अंकात कारणांसह छापावे. आम्ही ते वाचू आणि त्यावर आमचे म्हणणे पुन्हा लेखीच कळवू.

कळावे,

आपली विश्वासू,
एक मुक्त पत्रकार
लातूर